तोल यंत्राचा गेला, दोष कामगाराच्या माथी का?



विमानतळावर किंवा मॉलमध्ये दोन चाकांच्या गाडीवर उभा राहून फिरणारा पहारेकरी आपण पाहिला असेल. पुढे झुकले की गाडी चालते, मागे रेलले की थांबते. २००१ साली अमेरिकेत 'सेगवे' नावाने ही गाडी आली आणि २००२ मध्ये तिथल्या टपाल खात्याने कॉन्कॉर्ड व टँपा येथे ती पोस्टमनांना देऊन पाहिली. तेव्हा हा विषय आपला नाही, असे कोणी समजू नये.

या गाडीला स्वतःचा तोल नाही. जायरोस्कोप कल मोजतात, संगणक हिशेब करतो आणि मोटार चाके फिरवून माणसाला उभे ठेवते. बॅटरी कमी पडली की तोल संपला! २००३ मध्ये कंपनीला सुमारे ६,००० गाड्या परत मागवाव्या लागल्या, त्या याच कारणाने. २००६ मध्ये पुन्हा सुमारे २३,५०० गाड्या परत मागवल्या. चाके अचानक उलटी फिरून माणसे पडत होती.

रेल्वे कामगाराला याउलट शिकवण मिळालेली आहे. ब्रेकचा होजपाइप तुटला की ब्रेक आपोआप लागतात. सेमाफोरची तार तुटली की हात आडवा होऊन धोका दाखवतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, हा रेल्वेचा नियम. इथे बिघाड झाला की माणूसच आपटतो!

यंत्राला आमचा विरोध नाही. पण अपघातानंतर 'चालकाचा हलगर्जीपणा' एवढे लिहून फाइल बंद करण्याच्या वृत्तीला आमचा कडाडून विरोध आहे. जे यंत्र विजेच्या आधाराशिवाय उभे राहू शकत नाही, त्याची जबाबदारी ते खरेदी करणाऱ्यानेच घेतली पाहिजे.

म्हणून आम्ही प्रशासनाला बजावतो : अशी गाडी आणण्यापूर्वी युनियनशी बोलणी करा. ड्युटीच्या वेळेत प्रशिक्षण द्या, हेल्मेट द्या. बॅटरीची रोज तपासणी करून नोंद ठेवा. गर्दीच्या फलाटावर आणि फलाटाच्या कडेला ती चालवायला लावू नका. बॅटरीचा इशारा मिळताच खाली उतरणाऱ्यावर चार्जशीट नको. आणि कामगार पडला, तर तो ड्युटीवरील अपघातच माना.

बंधूंनो, गाडी दारात येण्याआधीच या मागण्या शाखेच्या सभेत मांडा. हाडे मोडल्यावर केलेला ठराव काय कामाचा?