दुसरी प्रत कुठे ठेवली आहे?

आजचा विषय माझ्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. संगणकाच्या सर्व्हरबद्दल लिहितोय. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने यात का पडावे, असे आमचा भाचा म्हणेलच (तो ऐरोलीला याच धंद्यात आहे, आणि ब्लॉग चोरून वाचतो!). पण गोष्ट जितकी यंत्रांची, तितकीच माणसांच्या सवयींची आहे, म्हणून हे धाडस.

२६ जुलै २००५ आपण उपनगरवाले विसरणे शक्य नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७३! एका शाळेच्या तळमजल्यावरच्या कार्यालयात पाणी शिरून जनरल रजिस्टरांचा लगदा झालेला मी पाहिला आहे. दुसरी प्रत होती की. त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात.

मोठ्या संस्था हे टाळण्यासाठी सर्व्हरचे गट दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवतात. एक मुख्य केंद्र, एक जवळचे आणि एक दूरचे. जवळचे कशाला? तर प्रत्येक व्यवहार दोन्हीकडे एकाच वेळी लिहिला जावा म्हणून. मुंबईहून चेन्नईला निरोप जाऊन पोच यायला काही सहस्रांश सेकंद लागतात. आपल्याला ते काहीच नाही, पण शेअरबाजाराला तेवढे थांबणे परवडत नाही. म्हणून दूरची प्रत किंचित मागे असते. शेअरबाजारांसाठी सेबीचा नियम आहे की दूरचे केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंप-क्षेत्रात असावे, आणि ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर लांब. अंधेरीतल्या संस्थेने बोरिवलीत दुसरे केंद्र थाटले तर पाऊस दोघांनाही एकदमच गाठेल.

यात आणखी एक गंमत आहे. दोन केंद्रांमधली तार तुटली की दोघांनाही वाटते, समोरचा गेला, आता कारभार आपलाच. एका शाळेत दोन मुख्याध्यापक, आणि दोघेही घंटा देणार! म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूने तो, त्यानेच कारभार करायचा.

एवढी तजवीज असूनही २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअरबाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११.४० ला बंद पडला तो दुपारी पावणेचारपर्यंत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा घेतल्या होत्या, पण वाटेवरच्या खोदकामामुळे दोन्हींत बिघाड झाला, असे नंतर सांगण्यात आले. मुंबईत खोदकाम कुठे नसते? त्याचे मला नवल नाही. नवल याचे, की चेन्नईचे केंद्र त्या दिवशी सुरूच केले गेले नाही. सेबीनेही हाच खुलासा मागितला. बाजार पुन्हा उघडेल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे अनेक दलालांनी छोट्या गिऱ्हाइकांचे सौदे बीएसईवर मिटवून टाकले, आणि वेळ वाढवून बाजार उघडला तेव्हा त्यांना कपाळाला हात लावायची पाळी आली.

पुढच्याच महिन्यात सेबीने नियम घट्ट केला. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत दूरच्या केंद्रावरून काम सुरू करायचे. मला हा नियम फार आवडला. बिघडलेले दुरुस्त करणाऱ्याला नेहमी वाटते, अजून दहा मिनिटे द्या, होईलच. असली दहा-दहा मिनिटे जोडूनच चार तास होतात. घड्याळाने निर्णय घेतला की कुणाचा मानापमान उरत नाही.

२ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने मुद्दाम खास सत्रे भरवून दूरच्या केंद्रावर काम हलवून पाहिले. चांगलेच झाले. पण तारीख आधी जाहीर, दिवस सुट्टीचा, वेळ थोडा. मास्तर म्हणून सांगतो, प्रश्नपत्रिका आधी वाटून घेतलेली ही परीक्षा. ऐन सोमवारी, भर गर्दीत हलवून दाखवा, मग गुण देऊ.

अर्थात ज्यांनी परीक्षेलाच बसायचे नाही असे ठरवले, त्यांचे काय होते तेही दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली. बाहेर कुठे प्रतच नव्हती. कारण काय, तर साठा फार मोठा! इतक्या पुढारलेल्या देशात ही तऱ्हा.

शेअरबाजारावर निदान सेबीची छडी आहे. आपल्या छोट्या सहकारी बँका, पतपेढ्या, रुग्णालये यांचे काय? माझ्यासारख्या पेन्शनरांची पुंजी तिथेच असते. अहवालात ‘बॅकअपची व्यवस्था आहे’ असे एक वाक्य असते, आणि आपण टाळ्या वाजवून अल्पोपाहाराकडे वळतो. आमच्या पतपेढीची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. मी दोनच प्रश्न लिहून देणार आहे: दुसरी प्रत कोणत्या गावात आहे, आणि कामाच्या दिवशी तिच्यावरून कारभार शेवटचा कधी चालवला? भाचा म्हणतो, दुसऱ्या प्रश्नावर सभा लांबेल. लांबू दे, मला कुठे घंटा गाठायची आहे!