काजळ, कापूर आणि नॅनोनळ्या

धर्मापुरीपासून मुंबईपर्यंत कित्येक घरांत आजही बाळासाठी काजळ धरतात. खाली एरंडेलाचा दिवा, वर पालथी वाटी. अशा काजळीत नॅनोनळ्या सापडू शकतात हे कळले, की पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होते, असे म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

ज्योत ही स्वस्त भट्टी आहे खरी. एकच इंधन उष्णताही देते आणि कार्बनही. पण नळी वाढायला लोखंडाचे किंवा निकेलचे अतिसूक्ष्म कण, ठरावीक तापमान आणि हवेचे नेमके प्रमाण लागते. नाहीतर बनतात ते बहुतांशी काजळीचे गोल कण. टायरचा काळा रंग त्यांचाच. मुंबई आयआयटीत महेश्वर शॅरन यांनी नॅनोनळ्या केल्या त्या चक्क कापरापासून, पण आरतीच्या ज्योतीवर नव्हे, भट्टीत.

आणि नॅनो म्हणजे निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये एका प्रकारच्या नॅनोनळ्यांना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले. त्यावरून काजळाला घाबरायचे कारण नाही. मात्र काजळी तान्ह्याच्या डोळ्यांत घालू नका, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला जुनाच आहे. तीट लावायचीच तर कपड्यावर लावावी.