शब्दांची गंमत : आजीची दारू

मागच्या दिवाळीत आमच्या इंदूरच्या घरी एक प्रसंग घडला. अंगणात मुलाचे मित्र जमले होते. माझी आई ओट्यावरून म्हणाली, "पोरांनो, दारू जपून उडवा बरं!" हिंदी बोलणारी ती मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मुलगा ओशाळला. नंतर म्हणाला, "आजी, फटाके म्हणत जा ना!" आई काही बोलली नाही, पण तिला ते लागलं.

चूक तिची नव्हतीच. हिंदीत स्फोटकाला 'बारूद' म्हणतात. मराठीत मात्र पिण्याची ती दारू आणि तोफेची, बंदुकीची, फटाक्यांचीही दारूच. म्हणून तर आपण 'दारूगोळा' म्हणतो, 'शोभेची दारू' म्हणतो.

शब्द मूळचा फारसी, आणि तिथे त्याचा अर्थ आहे औषध! आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे. इराणमध्ये 'दारूखाना' म्हणजे औषधांचं दुकान. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात मात्र जुनी जहाजं मोडतात.

औषधाचा आणि स्फोटाचा काय संबंध? चिनी भाषेत या दारूचं नाव आहे 'हुओ याओ', म्हणजे 'अग्नी-औषध'. नवव्या शतकाच्या सुमारास तिथले किमयागार औषधं शोधताना सोरा, गंधक अशा गोष्टी एकत्र करून बघत होते, त्यातून हे मिश्रण हाती लागलं. पुढे रूढ झालेलं प्रमाण असं : ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. वैद्याच्या चूर्णासारखंच कुटून, मोजून केलेलं.

आपले शेजारीही असंच बोलतात. बेळगावकरांना ठाऊक असेल, कन्नडमध्ये 'मद्दु' म्हणजे औषध आणि 'मद्दुगुंडु' म्हणजे दारूगोळा. हैदराबादकर तेलुगूतला 'मंदु' रोज ऐकतात : औषध, मद्य आणि स्फोटक, तिन्हींसाठी चालणारा.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. या दिवाळीत त्यानेच आजीला हाक मारली, "आजी, दारू आणायला चलतेस?" सगळं घर हसलं. सगळ्यांत जास्त आई.

तुमच्याही आजीचा असा एखादा शब्द असेल. तो बदलायला सांगण्याआधी तिला एकदा विचारून तर बघा.