भंगारात काय काढायचं, संगणक की सबबी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला द्यायचा नियमित आधार संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर थोडे अपवाद वगळता ते मशीन बाद. आपल्या उर्दू-मराठी शाळांमधले बहुतेक संगणक देणगीतून किंवा सेकंडहँड आलेले. म्हणजे चांगली चालणारी यंत्रं एका तारखेमुळे कचरा ठरली. यावर लिनक्सचा पर्याय सुचवला की ठरलेलं उत्तर येतं : "लिनक्सचं स्क्रीनवर चित्र दाखवायचं तंत्रच चाळीस वर्षं जुनं आहे, ते कशाला घ्यायचं?"

या सबबीचा एकदा हिशेब करूया.

एक्स विंडो सिस्टीम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ मध्ये आली. ती जुनी आहे, यात वाद नाही. पण विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ची आणि तिच्यातला जीडीआय हा चित्र रेखाटणारा भाग आजच्या विंडोजमध्येही आहे. मग म्हातारपणाचा ठपका एकट्या लिनक्सवर का?

दुसरा आरोप सुरक्षेचा. एक्स-११ मध्ये एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाइप होणारी अक्षरं चोरून वाचू शकतो. हा दोष खरा आहे आणि गंभीर आहे. पण विंडोजमध्येही त्याच युजरच्या खात्यात चालणारा प्रोग्राम अशी हेरगिरी करू शकतो, हे टीकाकार सांगत नाहीत. उलट लिनक्सवाल्यांनी हा दोष मान्य करून २००८ मध्ये वेलँडचं काम सुरू केलं. त्यात प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःची खिडकी दिसते. फेडोराने २०१६ मध्येच आपल्या मुख्य डेस्कटॉपवर वेलँड आणलं. जुने प्रोग्राम त्यात एक्स-वेलँडमार्फत चालतात. अगदी कमी मेमरीच्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकावा लागला, तर तो अजून प्रामुख्याने एक्स-११ वरच चालतो. तिथे अनोळखी प्रोग्राम घालू नयेत, एवढी शिस्त पुरे. आधार संपलेलं विंडोज इंटरनेटला जोडून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तिसरी सबब भाषेची : "तिथे आपली अक्षरं नीट दिसणार नाहीत." देवनागरीची जोडाक्षरं आणि नस्तालीकची उतरती वळणं जुळवायचं काम आज एक्स-११ ही करत नाही आणि वेलँडही करत नाही. ते हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. तीच फायरफॉक्समध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. फोनवर उर्दू दिसते, तर लिनक्सवर का दिसणार नाही?

खरी बेडी वेगळीच आहे आणि ती आपणच घालून घेतली आहे. १९९० च्या दशकापासून आपण प्रश्नपत्रिका, मासिकं, दीनी पुस्तकं इनपेजमध्ये कोंडत आलो. इनपेज विंडोजचं, आणि त्याच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. मराठी डीटीपीतही जुन्या फॉन्टची तीच तऱ्हा : फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. कातिबाने हाताने लिहिलेला कागद पन्नास वर्षांनी वाचता येतो. आपली दहा वर्षांपूर्वीची फाइल उघडत नाही. ज्या कौमची वाचायची सुरुवातच ‘इक़रा’ने होते, तिला हे शोभतं का?

तेव्हा शाळांच्या संस्थाचालकांना सरळ सांगणं आहे. संगणक विकण्याआधी एका मशीनवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. त्यासाठी इन्स्टॉलही करावं लागत नाही. अंध विद्यार्थी असतील तर स्क्रीन रीडर आधी तपासा, आणि तो नीट चालला नाही तर त्यांच्यापुरतं एक विंडोज ११ चं मशीन ठेवा. विंडोज चालतंय तोवर जुनं लेखन युनिकोडमध्ये बदलून घ्या. नव्या संगणकांसाठी बाजूला काढलेले पैसे ग्रंथालयाला द्या.

पडद्यामागचं तंत्र दर वीस-तीस वर्षांनी बदलणारच. आपला मजकूर त्याच्यासोबत मरता कामा नये, एवढी काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल.