शेर बांधावरून गेला आणि कुंडीत आला



परवा सूनबाई तालुक्याला गेली होती, येताना नर्सरीतून कुंडी घेऊन आली. नारिंगी-लाल कांड्या, पान नावालाही नाही. म्हणाली, "मामा, फायरस्टिक आहे, साडेतीनशेला बसली." जवळ जाऊन बघितलं आणि हसूच आलं. अहो, हा तर आपला शेर! वडलांनी बांधाला लावलेला शेर मी दोन वर्षांपूर्वी उपटून टाकला, आणि आता त्याचाच रंगीत भाऊ पैसे मोजून ओट्यावर आला.

हसू फार वेळ टिकलं नाही. तीन वर्षांचा नातू कांडी मोडायला निघाला होता. त्याचा हात धरला आणि कुंडी उचलून वर ठेवली.

कारण तो शेर तोडताना कोयत्याच्या घावासरशी माझ्या डाव्या डोळ्यात चीक उडाला होता. टॉवेलने पुसला, काम चालू ठेवलं. रात्री डोळ्यात मिरची भरल्यासारखी आग. सकाळी सगळं धूसर. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला सूज आहे, लगेच पाण्याने धुवायला पाहिजे होता. पंधरा दिवस काम बंद. डोळा वाचला, पण चूक माझीच होती.

म्हणून माझं मत असं, की युफोर्बिया जरूर लावा, पण आधी ओळखून घ्या.

ओळख अशी. पानाचं टोक खुडलं की पांढरं दूध येतं. (थेंब बोटाला लागू देऊ नका.) पण नुसत्या दुधावर जाऊ नका, रुई आणि चाफ्यालाही दूध असतं. दुसरी खूण फुलाची. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात, खरं फूल मध्ये बारीकसं. पॉइन्सेटियाची लाल पानं बघा, म्हणजे कळेल. तिसरं, काटेरी झाड दिसलं की लोक निवडुंग म्हणतात. फड्या निवडुंग तोडला तर असं दूध येत नाही; तो वेगळ्या कुळातला. आणि रानात सोयाबीनमध्ये आपण खुरपून काढतो ती दुधीसुद्धा याच कुळातली बरं का.

आता लावायचं कसं. बागेत सोपा म्हणजे काटेरी युफोर्बिया मिली, मूळचा मादागास्करचा. थाई जातींची फुलं मोठी, लाल, गुलाबी, पिवळी. फांदी कापली की चीक पाण्याने धुवायचा, मग आठवडाभर सावलीत सुकू द्यायची, जखम भरली की लावायची. नुसत्या काळ्या मातीत लावाल तर पावसाळ्यात कुजलंच समजा. निम्मी वाळू, बाकी पोयटा आणि थोडं शेणखत. माती सुकल्यावरच पाणी. ऊन भरपूर पाहिजे. सावलीत फायरस्टिक पुन्हा हिरवी पडते, मग साडेतीनशे कशाचे दिले?

पॉइन्सेटिया मेक्सिकोचा, त्याचं गणित शेवंतीसारखं. रात्र मोठी झाल्याशिवाय रंग धरत नाही. दारातल्या दिव्याखाली ठेवाल तर डिसेंबरातही हिरवाच राहील. शेवंतीवाले बल्ब लावून फूल पुढे ढकलतात, तुम्ही नकळत तेच करता.

छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा घालाच. डोळ्यात चीक गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, मी थांबलो होतो.

शेवटी एकच म्हणणं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, अडाणी माणसालाही कळतं किती जपायचं. मग ज्या कुंडीच्या चिकाने डोळा जाऊ शकतो, तिच्यावर साधी चिठ्ठी का नसावी? आमच्या म्हाताऱ्यांना शेराचा चीक माहीत होता, म्हणून पोरं बांधाला हात लावत नव्हती. नाव बदललं, रंग बदलला, आणि ती माहिती तेवढी वाटेत गळाली.

आमच्या कुंडीला मी पाटी लावलीय. "फायरस्टिक म्हणजे शेर. चीक डोळ्याला वाईट." तुमच्या घरी असेल तर तुम्हीही लावा.