सुट्टीचा हंगाम, कासवांच्या रात्री

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की मालवणात गाडी लावायला जागा उरत नाही. वायरी, तारकर्ली, देवबाग, सगळीकडे मुंबई-पुण्याच्या आणि कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या. दिवसा स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी, दुपारी सुरमईचं ताट. रात्री जेवणं आटोपली की मोबाइलची बॅटरी लावून पुळणीवर फेरफटका.

नेमका हाच ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात. म्हणजे दोन्ही हंगाम एकाच पुळणीवर, एकाच महिन्यांत. तरी दोघांचं आजवर निभावलं, कारण पर्यटक दिवसाचा आणि कासव रात्रीचं. पर्यटकाला रात्रही हवीशी वाटू लागली, तशी कुरबुर सुरू झाली.

मादीचं काम एकदा नीट समजून घेतलं की काय बिघडतं ते कळतं. चाळीसेक किलोचं धूड ओढत ती भरतीच्या रेषेवर येते, कोरडी वाळू गाठते आणि मागच्या पायांनी, आलटून पालटून, दीडेक फूट खोल खड्डा खणते. त्यात शंभराच्या आसपास पांढरी, गोल, मऊ कवचाची अंडी सोडते, वरून वाळू लोटते आणि अंग डावं-उजवं डुलवत पोटाकडचं कवच आपटून ती वाळू घट्ट बसवते. मोकळ्या रात्रीत धप धप असा आवाज येतो. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत असतं. पाहणाऱ्याला वाटतं कासवीण रडतेय, पण शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं ते काम. सगळा कारभार तासाभराचा. मात्र पाण्यातून वर येताना समोर उजेड चमकला किंवा कोणी धावत आलं, तर ती अंडी न घालताच माघारी फिरते.

वारकरी संतांनी कासवीला आईपणाचा मोठा मान दिला आहे. ती नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, असं अभंगांतून येतं. ऑलिव्ह रिडले मात्र अंडी बुजवली की समुद्राकडे वळते ती वळतेच. पुढचे ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या हवाली असतात. नर की मादी हेही वाळूची ऊबच ठरवते, वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. कुत्री, कोल्हे, घोरपडी टपलेल्या असतात, आणि एके काळी माणूसही टपलेला असे.

हे चित्र बदललं ते उत्तरेकडून. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. सिंधुदुर्गातही वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगडातलं तांबळडेग अशा गावांत कासवमित्र पहाटे पुळण पालथी घालतात. मादीच्या पायांचा माग काढून घरटं शोधायचं, गरज पडल्यास अंडी न उलटवता उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि तारखेची पाटी लावायची.

महोत्सवाला येणाऱ्यांची मोठी तक्रार म्हणजे, ‘एवढं लांब आलो आणि पिल्लं दिसलीच नाहीत.’ पिल्लं तारखेच्या पाटीला बांधील नसतात. पण याच हट्टापायी गावकऱ्यांना गळ घातली जाते, की ‘आम्ही पोचेपर्यंत ठेवा हो टोपलीत.’ अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ पहिल्या दिवसाची एकच शिदोरी असते. पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर त्याला किनाऱ्याजवळचे शत्रू चुकवून खोल पाणी गाठायचं असतं. टोपलीत धडपडताना ती शिदोरी संपून जाते. हातावर घेऊन फोटो काढणं आणि उचलून थेट पाण्यात सोडणं याही त्यातल्याच गोष्टी. पिल्लाने वाळूवरून आपलं आपण चालत जायचं असतं.

हा सगळा खटाटोप एका गावापुरता नाही. २०२२ साली देवबागला हिरव्या समुद्री कासवाचं घरटं सापडलं. तोवर महाराष्ट्रात या जातीच्या घरट्याची खात्रीलायक नोंद नव्हती. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावलेली बागेश्री नावाची ऑलिव्ह रिडले मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलट, २०२१ साली ओडिशात खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. मच्छीमारही यात आहेत. जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २०१८ पासून सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं.

ज्याच्या पोटाचा प्रश्न तो आपलं जाळं कापतो. पाहुण्याकडून अपेक्षा त्या मानाने किरकोळ आहे. गाडी पुळणीवर घालायची नाही. चाकांखाली वाळू दबून टणक होते आणि चार-पाच सेंटिमीटरचं पिल्लू चाकोरीत पडलं तर त्याला बाहेर निघता येत नाही. शेकोटी, फटाके, डीजे नको. उरलेली बिर्याणी वाळूत टाकायची नाही, त्या वासाने कुत्री येतात आणि मग अंडीही उकरतात. जखमी कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

सर्वांत मोठा प्रश्न दिव्यांचा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. निसर्गात रात्री सर्वांत उजळ असतं ते समुद्राकडचं क्षितिज. हॉटेलचा फ्लडलाइट त्याहून झगझगीत असला की ती उलटी फिरून सुरूच्या बनात किंवा रस्त्यावर पोचतात. किनाऱ्यावरची खोली ठरवताना एसी आहे का, मासे ताजे मिळतात का, हे सगळे विचारतात. त्याच फोनवर आणखी एक विचारता येईल, ‘रात्री समुद्राकडचे दिवे बंद ठेवता ना?’ हंगामात दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं, तर मालक अकरावं विचारायच्या आत बल्ब खाली वळवून घेईल.