पाणी गाळता, पण बोअर किती खोल?

आपल्या महिला मंडळात पर्यावरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "निसर्गाची वाट त्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मानं लावली, आपण तर बाई अहिंसावाले." माना डोलतात, प्रभावना वाटली जाते आणि सगळ्या आपापल्या घरी. मला हे वाक्य खटकतं. ते अर्धवट आहे, आणि फार सोयीचं आहे.

मुळात हा आरोप आपला नव्हेच. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारानं तो १९६७ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडला. बायबल माणसाला सृष्टीवर सत्ता देतं, त्यातून निसर्ग म्हणजे वापरायची वस्तू ही वृत्ती पोसली गेली, असं त्याचं म्हणणं. पण व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता. असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा संत माना, हेही त्याच लेखात त्यानं सुचवलं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीर केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या काळजीवर 'लाउदातो सी' हे अख्खं परिपत्र काढलं. हे सगळं आपल्या त्या वाक्यात कुठे बसतं?

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व करत बिल्डरांविरुद्ध उभे राहिले. धर्मगुरूनं प्रार्थना सोडून रस्त्यावर कशाला यायचं, म्हणणारे तेव्हाही होतेच. तेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता दुसरी बाजू. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. केरळात इडुक्कीच्या डोंगरात त्याला कडाडून विरोध झाला, आणि त्यात चर्च पुढे होतं. अहवालाची बाजू घेणारे खासदार पी. टी. थॉमस यांना २०१४ मध्ये पक्षानं तिकीटच दिलं नाही. त्या शेतकऱ्यांची भीती खोटी नव्हती. जमीन जाईल, घर बांधता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

बायबल तेच, क्रूस तोच. वसईत पाद्री झाडांच्या बाजूनं, इडुक्कीत अहवालाच्या विरुद्ध. म्हणजे फरक पोथीत नाही बायांनो, फरक सातबाऱ्यात आहे. धर्माची परीक्षा तेव्हाच होते, जेव्हा आपल्या जमिनीला, आपल्या गल्ल्याला हात लागतो.

मग आपली परीक्षा झालीय का? आपल्या शास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे सांगितलेत, कर्मादानं. जंगल तोडणं, कोळसा पाडणं, जमीन फोडणं, वणवा लावणं, तळी आटवणं, सगळं त्यात आहे. एवढी स्पष्ट यादी बायबलवाल्यांकडेही नाही! प्रतिक्रमणात आपण ती म्हणतो, मिच्छामि दुक्कडं करतो, आणि सकाळी दुकान उघडतो. सौंसरच्या मातीतलं मँगनीज, नदीतली रेती, संत्र्याच्या बगिच्यासाठी वर्षागणिक खोल जाणारी बोअर, यातलं काही आपल्या हिशेबात येतं का? पाणी आपण दुहेरी फडक्यानं गाळतो. ते किती फुटांवरून आलं, हे कोण विचारतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला अख्खं पांढुर्णा जाम नदीकडे बघतं. उरलेले ३६४ दिवस तिच्याकडे बघायला आपल्यातलं कोण जातं?

कुणी म्हणेल, धंदा पुरुषांचा, आम्ही काय करणार? वा! उपवास आमचे, पारणं आमचं, पाणी गाळायचं आम्ही, आणि घरात येणारा पैसा कुठून येतो हे विचारायचं नाही? अहिंसा फक्त स्वयंपाकघरापुरती कुणी ठेवली? येत्या पर्युषणात निदान त्या पंधरा नावांचा अर्थ घरी मोठ्यानं वाचा, नवऱ्यासमोर, मुलांसमोर. उत्तर काय येतं ते बघा. मग ख्रिस्ती लोकांचं माप काढू.